पाण्याची पाळी आणि आपली उपासना

शास्त्रपाठ : योहान ४:५–२६, मत्तय ५:२३–२४, रोम १२:१–२.
मुखोद्गत करावयाचे वचन : रोम १२:१.
मुख्य विचार : रविवारी मंदिरात केलेली उपासना खरी की खोटी, हे सोमवारी शेतात, विहिरीवर व चुलीपाशी दिसून येते.

दररोजचे घरगुती वाचन : सोमवार – यशया ५८:१–१२. मंगळवार – आमोस ५:२१–२४. बुधवार – मीखा ६:६–८. गुरुवार – लूक १९:१–१०. शुक्रवार – कलस्सै ३:१७–२५. शनिवार – याकोब १:२२–२७. रविवार – योहान ४:५–२६.

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे गाव आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला; त्यापूर्वी हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. ह्या गावाजवळ, नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूस, डोंगरांच्या कुशीत एक मोठा तलाव आहे. त्याची मातीची पाळ सुमारे ५१० मीटर लांब व १९ मीटर उंच असून ती १९१७ साली पुरी झाली. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि ते पाहण्यास शहरांतून लोक येतात. पाळीवर उभे राहून त्या शांत पाण्याकडे पाहिले असता मन आपोआप प्रार्थनेकडे वळते.

परंतु ही पाळ बांधणाऱ्यांनी ती पाणी पाहण्यासाठी बांधली नाही. पावसाचे पाणी अडवावे व गरज पडेल तेव्हा ते धानाच्या बांध्यांत सोडावे, एवढ्यासाठीच ती बांधली. आपल्या भागातील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. आषाढ-श्रावणात रोवणी झाली, भाद्रपदात धान पोटरीस आले, आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारून बसला, तर डोळ्यांदेखत वर्षाचे अन्न जाते. अशा वेळी तलाव भरलेला असून कालव्याचे दार गंजून बसले असेल, तर त्या भरलेल्या तलावाचा शेतास काय उपयोग?

आपली रविवारची उपासना त्या तलावासारखी आहे. तेथे वचन ऐकावे, गीते गावी, प्रार्थना करावी आणि देवाच्या कृपेने अंतःकरण भरून घ्यावे. हे अवश्य आहे, व जो हे टाकून देतो त्याचा तलाव कोरडाच राहतो. पण भरलेले पाणी पुढे सहा दिवस कोठे जाते, हा आजच्या धड्याचा प्रश्न आहे. संदेष्टा आमोस ह्याने गीतांचा गोंगाट व सणांचा थाट ह्यांविषयी देवाचा संताप कळविला आणि न्याय हा बारमाही ओढ्यासारखा वाहिला पाहिजे, असे सांगितले. संदेष्ट्याने पाण्याचाच दाखला घेतला, हे ध्यानात ठेवू.

(१) उपासनेचा धडा कोठे दिला गेला?

खरी उपासना कोणती, ह्याविषयी प्रभु येशूने जे सर्वांत खोल शिक्षण दिले ते यरुशलेमेच्या मंदिरात दिले नाही, सभास्थानातही दिले नाही. ते शोमरोनातील सूखार गावाबाहेर, याकोबाच्या विहिरीवर दिले. वेळ भर दुपारची होती. प्रभु चालून थकला होता व त्यास तहान लागली होती. शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले होते. तेव्हा एक स्त्री एकटीच घागर घेऊन आली, आणि प्रभूने तिच्यापाशी पाणी मागितले.

पाणी मागणे ही गोष्ट आपणांस लहान वाटते, पण त्या काळी ती लहान नव्हती. यहूदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. त्या स्त्रीने स्वतःच नवल करून विचारले की, तुम्ही माझ्या हातचे पाणी कसे मागता? पुढे तिने जुना वाद काढला : भजन आमच्या डोंगरावर करावे की तुमच्या यरुशलेमेत? प्रभूने तिला स्थळावरून उठवून देवाच्या सान्निध्यात नेले. पिता आत्म्याने व खरेपणाने उपासना करणाऱ्यांस शोधीत आहे, हे त्याने तिला कळविले.

आता क्रम पाहा. आधी त्याने तिच्या हातचे पाणी मागितले, आणि मग उपासनेचे बोलणे काढले. जर तो तिच्या घागरीस विटाळ मानून दूर बसला असता, तर त्याचे पुढील बोलणे खरे असूनही तिच्या कानात शिरले नसते. ती आपली घागर तेथेच ठेवून गावात धावली, असे शास्त्र सांगते. ज्याने तिची घागर तुच्छ मानली नाही, त्याच्यासाठी तिला घागरीचा विसर पडला.

(२) कोणाच्या हातचे पाणी?

ही गोष्ट दूरच्या देशाची म्हणून आपण ऐकतो आणि सोडून देतो. परंतु हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) ह्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या तरी पुष्कळ दिवस त्यांनी आपले सोवळे पाळले, आणि टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मवृत्तावरून असे दिसते की, जातिभेद हा देवाने केला नसून माणसांनी केला, ह्या निश्चयास त्या बाप्तिस्म्याआधीच आल्या, व मग दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. मनाचा निश्चय झाला तरी जन्माची सवय एका दिवसात जात नाही, हे त्यांनी लपविले नाही. तरी त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. पाण्याचा तो घोट हाही त्यांच्या उपासनेचाच भाग होता, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

येथे आपणांस लाज वाटावी अशी एक गोष्ट आहे, ती मी झाकून ठेवीत नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली पुण्यास आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. हे दोघेही आपल्या मंडळीचे नव्हते. आपण मात्र, ज्यांच्या शास्त्रात याकोबाच्या विहिरीची कथा आहे, एका प्यालात सहभागी होऊनही मुलामुलीची सोयरीक जुळविताना हळूच विचारतो, “ते मूळचे कोण?” प्रभुभोजनाच्या मेजापाशी जो भाऊ असतो, तो लग्नाच्या मांडवात परका होतो. बंधूंनो, असे जेथे होते तेथे रविवारचे पाणी कालव्याच्या दारापाशीच अडले आहे, असे समजावे.

(३) काम आणि सेवा

दुसरी चूक आपण अशी करितो की, आठवड्याचे दोन भाग पाडतो : एक देवाचा व एक पोटाचा. शास्त्राची भाषा असे दोन भाग पाडीत नाही. इब्री भाषेत ‘अवोदा’ असा एक शब्द आहे. इस्राएल लोक मिसर देशात विटामातीची जी कष्टाची कामे करीत, त्यांसही हाच शब्द लाविला आहे, आणि वल्हांडणाच्या सणात ते देवाची जी सेवा करीत तिलाही हाच शब्द आहे. पौलाने रोमकरांस लिहिताना मंदिरातील सेवेसाठी वापरला जाणारा शब्द घेतला, आणि देवास अर्पावयाचे काय, तर आपली शरीरे, असे सांगितले. हात, पाय, जीभ व पाठ ही सर्व त्यात आली. चिखलात वाकून रोवणी करणारी पाठही आली, आणि बाजारात तराजू धरणारा हातही आला.

पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण ह्या ठिकाणी शोभते, कारण त्यांचा आपल्या बाजूशी संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. आपला मुलूख तेव्हा ह्याच प्रांतात होता. येथील दुष्काळग्रस्त भागांतून त्यांनी निराधार विधवा व मुली आपल्याबरोबर नेल्या आणि केडगावास त्यांचा सांभाळ केला. तेथील मुक्ती मिशनात प्रार्थना पुष्कळ होत असे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथे शेत होते, गोठा होता, विणकाम होते आणि छापखानाही होता, व ही कामे स्त्रिया करीत. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या, आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलींस जगाने ओझे मानले होते, त्यांच्यासारख्याच हातांनी त्या शास्त्राचे खिळे जुळविले. गुडघे टेकणे व खिळे जुळविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, असे त्या घरात कोणी मानीत नव्हते.

प्रवासातील सौजन्य हीही सेवाच होय. १८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावास जात होते. आपले तिरोडा व गोंदिया ह्याच नागपूर–राजनांदगाव रस्त्यावर आहेत. त्या प्रवासात एक युरोपियन गृहस्थ त्यांच्याशी आदराने व मोकळेपणाने बोलले आणि त्यांनी टिळकांच्या हाती शास्त्राचे पुस्तक दिले. पुढे ते वाचीत असता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि त्यांस पुस्तक खाली ठेववेना. तेथे मंदिर नव्हते, पेटी नव्हती, प्रवचन नव्हते. एका उतारूने दुसऱ्या उतारूस माणूस म्हणून मान दिला, एवढेच झाले. आपण गाडीत बसताना जागेसाठी भांडतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

(४) वेदीपुढून परत फिरणे

टिळकांचे मन ज्या डोंगरावरील प्रवचनाने धरून ठेविले, त्यातच मत्तय ५:२३–२४ हा उतारा आहे. त्याचा भावार्थ असा : तू देवास अर्पण करावयास आलास, आणि तेथे तुला आठवले की आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण दे. उपासना थांबविण्याची आज्ञा स्वतः प्रभूनेच दिली आहे! हा उतारा मी शाळेत शिकलो होतो, व त्यावर प्रवचनेही केली होती. पण त्याचा अर्थ मला कसा कळला, ते सांगतो. सांगताना मला सुख होत नाही.

मी नवीनच पाळक झालो होतो. माझ्या पहिल्या मंडळीचे गाव कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. पाळकाच्या घरामागे दोन बांध्या होत्या, त्यांत मी धान लावीत असे. त्या वर्षी हस्त नक्षत्र कोरडे गेले. कालव्याचे पाणी पाळीपाळीने मिळत होते, आणि शनिवारची रात्र आमच्याच मंडळीतील एका विधवा बाईची होती. तिचे शेत कालव्याच्या अगदी शेवटी होते. माझे धान निसवण्याच्या बेतात होते व बांधीला भेगा पडल्या होत्या. मी मनाशी म्हटले, एक घटकाभर पाणी घेतो, तिला पुरून उरेल. रात्री जाऊन मी माझ्या धुऱ्याचे तोंड उघडले व घरी येऊन प्रवचनाची टिपणे पाहत बसलो. त्यातच मला झोप लागली. जाग आली तेव्हा फटफटले होते, आणि सारी रात्र पाणी माझ्याच बांध्यांत गेले होते.

त्या रविवारी माझे प्रवचन २३ व्या स्तोत्रावर होते. देव आपणांस संथ पाण्याजवळ नेतो, हे मी सांगत होतो, आणि ती बाई मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. अर्पणाच्या वेळी ती नेहमीप्रमाणे पुढे आली व तिने आपली मूठभर तांदळाची पुरचुंडी टोपलीत ठेविली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला मत्तयाचा उतारा आठवला. मी तेथेच थांबावयास पाहिजे होते. पण मी थांबलो नाही. लोक काय म्हणतील, ह्या भयाने मी प्रार्थना केली, आशीर्वाद दिला आणि घरी गेलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सायंकाळी माझ्याने राहवेना, तेव्हा मी तिच्या दारी गेलो.

मी म्हटले, “मावशी, शनिवारचे पाणी मी घेतले.”

ती म्हणाली, “मला ठाऊक आहे, पाळकसाहेब. मी रात्रभर तेथेच बसले होते. पाणी का येत नाही म्हणून धुऱ्याधुऱ्याने चालत आले, तर तुमच्या बांधीत चांदणे दिसले.”

मी विचारले, “मग तोंड बंद का केले नाही?”

ती म्हणाली, “पाळकाच्या शेताचे पाणी तोडले, असे गावाने म्हटले असते. धान तर गेले. पण येत्या रविवारपासून देवळात यायचे नाही, असे मी ठरविले होते. तुम्ही आलात, आता येईन.”

सुगी झाल्यावर मी माझ्या धानातून तिच्या नुकसानीइतके, आणि जक्कयाची आठवण धरून वर आणखी काही, असे तिच्या घरी नेऊन टाकिले. तिने आपल्या मापाने ते मोजले, आपले तेवढे ठेवून घेतले आणि उरलेले माझ्या पोत्यात परत ओतले. “इतकेच माझे होते,” एवढेच ती म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून सर्व हकीकत सांगितली. आजवर केलेल्या सर्व प्रवचनांपेक्षा ती दहा मिनिटे मला जड गेली.

माझी चूक एका रात्रीच्या पाण्याची होती, असे कोणी म्हणेल. पण तीमुळे एक जीव उपासनेपासून कायमचा दूर जाणार होता, आणि दूर लोटणारा स्वतः उपासना चालविणाराच होता. उपासना व व्यवहार ह्यांत भिंत घातली, तर पहिला बळी बहुधा मागच्या रांगेत बसणाऱ्याचाच जातो, हे मी त्या वर्षी शिकलो.

(५) ह्या आठवड्यात काय करावे?

शनिवारी सायंकाळी घरातील सर्वांनी दिवा लागल्यावर थोडा वेळ शांत बसावे, आणि प्रत्येकाने मनात विचारावे : उद्या मी ज्या ठिकाणी बसणार आहे, तेथे बसण्यापूर्वी मला कोणाच्या दारी गेले पाहिजे? नाव आठवले, तर उद्याची वाट पाहू नये. मी बुधवारपर्यंत थांबलो, तुम्ही थांबू नका.

ज्याने मजूर लाविले असतील, त्याने रोवणीची व कापणीची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. लेवीय १९:१३ येथे ही आज्ञा आहे, आणि याकोब ५:४ येथे अडविलेल्या मजुरीची हाक प्रभूच्या कानी जाते, असा इशारा दिला आहे. धान मोजताना घेण्याचे माप व देण्याचे माप एकच असावे. ज्याचे शेत कालव्याच्या तोंडाशी आहे, त्याने शेवटच्या शेताची आठवण ठेवावी. घरातील जी स्त्री सर्वांस वाढून शेवटी जेवते, तिच्यासाठी भात उरला आहे की नाही, हे घरच्या पुरुषाने हात धुण्यापूर्वी पाहावे. जेवणापूर्वीची प्रार्थना तेव्हा पुरी होते.

उपाशी राहून उपवास करणारे पण मजुरांवर जुलूम करणारे, अशा लोकांस यशयाने ५८ व्या अध्यायात खडसाविले आहे. मात्र त्याच अध्यायात, जो भुकेल्यास आपली भाकर देतो त्यास भरपूर पाणी दिलेल्या मळ्याची व कधी न आटणाऱ्या झऱ्याची उपमा दिली आहे. पाणी वाटल्याने तलाव रिता होतो, असे आपण भितो. पण पाऊस पाडणारा देव आहे, व तो पुन्हा पावसाळा आणितो.

विचारासाठी प्रश्न

१. प्रभूने शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रथम पाणी का मागितले असावे?
२. आपल्या गावात आजही कोणाच्या हातचे अन्नपाणी टाळले जाते काय? आपण त्यात सामील आहो काय?
३. आपले रोजचे काम कोणते? ते देवास अर्पण करावयाचे झाल्यास त्यात काय बदलावे लागेल?
४. पाळकाने किंवा पुढाऱ्याने चूक केली असता मंडळीने काय करावे? गप्प राहणे नेहमी चांगले असते काय?
५. वेदीपुढून परत फिरावे असे तुम्हांस कधी वाटले काय? तेव्हा तुम्ही काय केले?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडितोस. आम्ही तुझ्या घरात जे बोलतो ते आमच्या शेतात खरे होवो. आमच्या हातून ज्याचे काही अडले आहे, त्याचे नाव आम्हांस आठवू दे, आणि त्याच्या दारी जाण्याचे धैर्य दे. मागच्या रांगेत बसणाऱ्या तुझ्या लेकरांस आमच्यामुळे अडखळण होऊ नये. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.